लिंबू, गाडी आणि आपले हक्क

(न्यू जर्सीतील आपल्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत एरवी जातिप्रश्न, अंधश्रद्धा, शिक्षण असे भारदस्त विषय असतात. आज मी बोलणार आहे बिघडलेल्या गाडीबद्दल. संयोजकांना मी म्हटलंही, "अहो, विषय फार किरकोळ आहे." ते म्हणाले, "घराखालोखाल आपण ज्या वस्तूवर सर्वांत जास्त पैसे घालतो, ती किरकोळ कशी?" मग मी गप्प बसलो. एक खुलासा आधीच करतो. मी वकील नाही, प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. जे सांगणार आहे ते स्वतः ठेच खाऊन आणि कायदा वाचून शिकलेलं आहे.

२०१८ च्या वसंतात आम्ही नवी गाडी घेतली. किंमत ३२,००० डॉलर. तेव्हा आई सांगलीहून आली होती. तिने ड्राइव्हवेमध्ये गाडीची पूजा केली आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आपल्या मंडळाचा सभासद म्हणून मी थोडी कुरकुर केली, पण आईसाठी गाडी पुढे घेतली. त्या दिवशी मला एक गोष्ट माहीत नव्हती. या देशात जन्मतः सदोष गाडीलाच 'लेमन' म्हणतात, आणि तिच्यासाठी जो कायदा आहे त्याचं बोलीतलं नाव 'लेमन लॉ'. म्हणजे लिंबू चाकाखाली नव्हतं, चाकावर होतं!

दीड महिन्यात, १,७५० मैलांवर, रूट वनवर चालती गाडी बंद पडली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी काही नाही. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, जणू काही घडलंच नाही. डीलरने दोन दिवस ठेवून घेतली आणि "दोष आढळला नाही" म्हणून किल्ली हातात दिली. कागद मागितला तर म्हणाला, "काही कामच केलं नाही, कागद कशाचा देऊ?" मला ते पटलं. ही माझी पहिली चूक. किती महागात पडली ते पुढे सांगतो.

दुसऱ्या वेळी, ३,९०० मैलांवर, सॉफ्टवेअर बदललं, तीन दिवस गेले. तिसऱ्या वेळी इंधनाचा पंप बदलला, सहा दिवस. त्यानंतर एका संध्याकाळी बायको आणि सात वर्षांची मुलगी टर्नपाइकवर असताना गाडी मधल्या लेनमध्ये बंद पडली. मागे अठरा चाकी ट्रक. त्या ड्रायव्हरने प्रसंगावधान दाखवलं म्हणून आज मी हे भाषण करू शकतो आहे. चौथ्या फेरीत गाडी नऊ दिवस डीलरकडे होती. परत आली, आणि दोन आठवड्यांत पुन्हा बंद पडली.

तेव्हा डीलरच्या विक्रेत्याने अगदी गोड आवाजात सुचवलं, "ही आम्हाला ट्रेड-इनमध्ये द्या, चांगली किंमत देतो, नवी घेऊन जा." मित्रांनीही सल्ला दिला, "देऊन टाक रे, डोक्याची कटकट गेली." खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण रात्री झोप येईना. ही गाडी जाणार कुठे? कमी मैल झालेली, चकचकीत, कागदोपत्री निर्दोष अशी ती पुढच्याच महिन्यात कुणाच्या तरी दारात उभी राहणार. कदाचित नुकत्याच आलेल्या, पैसे जपून वापरणाऱ्या आपल्यासारख्याच एखाद्या कुटुंबाच्या.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच प्रश्नावर निबंध लिहिला, 'द मार्केट फॉर लेमन्स'. तो निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्यांचा मुद्दा असा. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. मग घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि कमी किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि लिंबं तेवढी उरतात. मी गप्प बसून गाडी दिली असती तर त्या साखळीतला एक दुवा झालो असतो.

मग मी कायदा वाचायला बसलो. कनेक्टिकटने १९८२ साली पहिला लेमन लॉ केला. कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वॉरंटीचा कायदा १९७० पासूनच होता, त्याला १९८२ मध्ये अशीच जोड मिळाली. आज सर्व राज्यांत असे कायदे आहेत, पण तपशील वेगवेगळे. आपल्या न्यू जर्सीत दोष पहिल्या दोन वर्षांत किंवा २४,००० मैलांत, यांपैकी जे आधी येईल त्याच्या आत कळवलेला असावा लागतो. त्याच दोषासाठी तीनदा दुरुस्तीचा प्रयत्न होऊनही तो कायम राहिला, किंवा गाडी एकूण २० दिवस दुरुस्तीत अडकली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं कायदा गृहीत धरतो. जिवाला धोका असलेल्या दोषाला एक प्रयत्नही पुरतो. न्यूयॉर्कमध्ये हेच दोन वर्षं किंवा १८,००० मैल, चार प्रयत्न किंवा ३० दिवस असं आहे. कॅलिफोर्नियात १८ महिने किंवा १८,००० मैल, चार प्रयत्न, धोकादायक दोषाला दोन, किंवा ३० दिवसांहून अधिक. तिथे २०२५ पासून काही कंपन्यांसाठी नोटीस देण्याचे नवे नियमही आले आहेत, तेव्हा तिकडच्या मित्रांनी आधी ते बघावेत.

आकड्यांइतकीच पद्धत महत्त्वाची. आपण भांडतो डीलरशी, पण कायद्यानुसार जबाबदारी असते गाडी बनवणाऱ्या कंपनीची. म्हणून न्यू जर्सीत कंपनीला सर्टिफाइड पत्र पाठवावं लागतं, पोचपावती मागून. ते मिळाल्यापासून कंपनीला शेवटच्या दुरुस्तीसाठी दहा दिवस असतात. तरीही दोष राहिला तर राज्याच्या ग्राहक विभागातल्या लेमन लॉ युनिटकडे अर्ज करता येतो. सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते. वकील नसला तरी चालतो. वकील केला आणि जिंकलात, तर त्याची वाजवी फी कंपनीकडून मिळू शकते.

माझं पत्र गेलं, गाडी पुन्हा 'ठीक' होऊन आली आणि पुन्हा बंद पडली. मग कंपनीने वाढीव वॉरंटी देऊ केली. मी ती नाकारली. ज्या गाडीत मुलीला बसवायची भीती वाटते तिची वॉरंटी दहा वर्षांची असली काय आणि शंभर वर्षांची असली काय!

सुनावणीत कंपनीचा तज्ज्ञ एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आमच्या तपासणीत दोष दिसला नाही." आता हा युक्तिवाद तर आमच्या धंद्यातला. 'दिसला नाही' आणि 'नाही' यांत फरक असतो. अधूनमधून उगवणारा दोष थंड इंजिन वीस मिनिटं चालवून दिसणारच नाही. दुसऱ्या फेरीपासून मी गाडीत एक वही ठेवली होती, प्रयोगशाळेत ठेवतो तशी. तारीख, वेळ, मैल, वेग, बाहेरचं तापमान, टाकीतलं इंधन. चौदा प्रसंगांपैकी अकरा वेळा गाडी अर्ध्या तासाहून अधिक चालल्यावर बंद पडली होती. न्यायाधीशबाईंनी ती वही शांतपणे दोनदा वाचली.

निकाल माझ्या बाजूने लागला. गाडीची किंमत, विक्रीकर, नोंदणीचा खर्च, टोइंग आणि भाड्याच्या गाडीचं बिल, सगळं परत. त्यातून वापराचा मोबदला वजा होतो. दोष पहिल्यांदा दाखवला तेव्हाचे मैल गुणिले किंमत, भागिले एक लाख, असं त्याचं गणित. पहिल्या फेरीचा कागद असता तर १,७५० मैल धरले गेले असते आणि ५६० डॉलर कापले गेले असते. कागद नव्हता, म्हणून ३,९०० मैल धरले आणि १,२४८ डॉलर गेले. न घेतलेल्या एका कागदाची किंमत ६८८ डॉलर! शिवाय डीलरने गाडी प्रत्येक वेळी परत देताना लेखी तपशील द्यायचा असतो, हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. तुम्ही फक्त मागायचा.

पैशांपेक्षा मला समाधान वेगळंच वाटलं. अशी परत घेतलेली गाडी पुन्हा विकताना तिचा इतिहास घेणाऱ्याला लेखी सांगावा लागतो. तो जो कुणी पुढचा माणूस असेल, त्याला निदान माहीत असेल.

आता ज्यांनी नवी गाडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा हा संघराज्याचा, सगळ्या देशाला लागू. "बाहेर ऑइल बदललंत, वॉरंटी गेली," असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. सेवा किंवा भाग फुकट देत नसतील तर आमच्याकडूनच घ्या अशी अट वॉरंटीत घालता येत नाही. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला, हे त्यांना दाखवावं लागतं. फक्त पावत्या जपा. जुनी गाडी डीलरकडून घेताना खिडकीवरचा 'बायर्स गाइड' हा कागद वाचा. त्यावर 'अ‍ॅज इज' असेल तर सहसा गाडी आहे तशी तुमच्या गळ्यात. न्यू जर्सीत मात्र सात वर्षांपर्यंतच्या, एक लाखापेक्षा कमी मैलांच्या आणि किमान ३,००० डॉलर किमतीच्या गाडीला डीलरने मैलांनुसार ३० ते ९० दिवसांची वॉरंटी द्यावी लागते. खासगी व्यक्तीकडून घेतलीत तर हे संरक्षण नाही. आपली शिकायला आलेली मुलं बहुधा तशाच गाड्या घेतात, म्हणून त्यांना आधी ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्यायला सांगा. जे सर्वांत कमी पैशांत गाडी घेतात त्यांनाच सर्वांत कमी संरक्षण, ही या कायद्याची मोठी उणीव आहे आणि तिच्याबद्दल आपण बोललं पाहिजे.

शेवटी एक. मी लढतोय म्हटल्यावर दोघा-तिघांनी मला हळूच विचारलं, "अरे, अजून ग्रीन कार्ड व्हायचंय, कशाला भानगडीत पडतोस?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, ही भीती आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आहे. पण वस्तूबद्दल रीतसर तक्रार करणं हा गुन्हा नव्हे. लेमन लॉमध्ये शब्द 'ग्राहक' असा आहे, 'नागरिक' असा नाही. आपण कर भरतो, हप्ते भरतो, मग हक्क मागताना पाहुण्यासारखं का वागायचं? १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९८६ मध्ये भारतात ग्राहक संरक्षण कायदा आला. कागद मागणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या माणसांची परंपरा आपल्याकडेही आहे. ती विमानतळावर सोडून यायचं कारण नाही.

आईला निकाल फोनवर सांगितला. ती म्हणाली, "बघ, लिंबू कामाला आलं की नाही!" मी वाद घातला नाही. पण तुम्हाला सांगतो, कामाला आली ती वही. मागच्या टेबलावर कंपनीला पाठवायच्या पत्राचा नमुना ठेवला आहे. एकेक प्रत घेऊन जा, आणि आज घरी गेल्यावर गाडीत एक वही ठेवा.