हात शिकतो कसा?

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



सुरक्षिततेवर दहा मिनिटं बोला, असा मला हुकूम आहे. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे मी हिशेबापासूनच सुरुवात करतो.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा गॅसचं सिलिंडर खांद्यावर टाकून तिसऱ्या माळ्यावर नेणारी माणसं होतो. आज सकाळी अकरा वाजता इमारतीत कोण असतं ते मोजून पाहा. मुलं पुण्याला, हैदराबादला, काही सातासमुद्रापार. घरात आपण म्हातारे, एखादी सूनबाई, कामाला येणाऱ्या मावशी आणि गेटवरचे भाऊ. कुणाला काही झालं तर मदत येईपर्यंतची पहिली पाच-दहा मिनिटं यांच्याच हातात असतात.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिसऱ्या माळ्यावरचे काकाजी चक्कर येऊन पडले. लाईन गेलेली, लिफ्ट बंद. चार जणांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि जिना उतरायला घेतला. प्रत्येक वळणावर चौघे चार हुकूम सोडत होते. "अरे, इकडून धर!" "तू मागे हो ना बाप्पा!" दुसऱ्या माळ्याच्या वळणावर तर खुर्ची अडकूनच बसली. काकाजी आज पहिल्या रांगेत आहेत, ही देवाची कृपा. पण त्या चौघांपैकी तिघांकडे आपल्याच शिबिराचं प्रमाणपत्र होतं, हेही लक्षात घ्या. शिबिर झकास झालं होतं. पडद्यावर चित्रं, बाहुलीवर प्रात्यक्षिक, टाळ्या आणि मग पोहे.

आता रौप्यमहोत्सवानिमित्त तसंच चार तासांचं शिबिर पुन्हा घ्यावं, असा ठराव आहे. माझं म्हणणं एवढंच की चार तास तेवढेच राहू द्या, पण ते एका दिवसात घालू नका. का, ते सांगतो.

डोक्याला शिकवणं वेगळं आणि हाताला शिकवणं वेगळं. व्याजाचा नियम एकदा समजला की समजला. नोटा मोजण्याचं तसं नाही. आमच्याकडे नवीन कॅशियर आला की पहिले काही दिवस तो ओठ हलवत मोजायचा. कुणी नुसतं "नमस्कार" म्हटलं तरी आकडा चुकायचा. मग हळूहळू अडखळणं कमी व्हायचं. दोन-तीन कापसाचे हंगाम गेले की तोच माणूस गिऱ्हाईकाशी पाऊस-पाण्याच्या गप्पा मारत शंभराची गड्डी मोजायचा आणि मधली फाटकी नोट बोटानंच बाजूला काढायचा. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात याच तीन पायऱ्या मांडल्या आहेत. आधी विचार करत करणं, मग चुका कमी होत जाणं, शेवटी हात आपोआप चालणं. शिबिरात आपण पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आणि प्रमाणपत्र मात्र तिसरीचं घेऊन घरी येतो.

मग वरच्या पायरीवर जायचं कसं? आता पोस्टमनची गोष्ट ऐका. इंग्लंडमध्ये पत्रांच्या छाननीसाठी पोस्टमनांना कळफलक शिकवायचा होता. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे वेगवेगळे गट केले. एका गटाला रोज एक तास सराव, दुसऱ्याला रोज चार तास. १९७८ साली निष्कर्ष छापून आले. रोज एक तासवाल्यांना कळफलक यायला एकूण सुमारे ३५ तास लागले आणि चार तासवाल्यांना सुमारे ५०. म्हणजे थोडं थोडं शिकणाऱ्यांचे पंधरा तास वाचले. गंमत पुढे आहे. सर्वांत नाराज होते ते हे एक तासवालेच! दिवस जास्त लागले ना, त्यामुळे आपण मागे पडलो असं त्यांना वाटत होतं. शिकणाऱ्याला जे बरं वाटतं, त्यानंच तो जास्त शिकतो असं नाही. आपलं शिबिर सगळ्यांना आवडलं होतं, ते यामुळेच.

बँकेत एकरकमी ठेव ठेवली तर आवर्ती ठेवीपेक्षा व्याज जास्त पडतं. हाताच्या खात्यात उलटा कारभार आहे. तिथं आवर्ती ठेवच फळते.

आपल्या अमरावतीला हे नवीन नाही. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी इथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ साली मंडळाच्या मुलांनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. तो तोल आणि ती चपळाई एका दिवसाच्या शिबिरातून आली नव्हती. आखाड्यात पोरगा रोज जातो, एरंडेल लावलेल्या मल्लखांबावर अढी घालतो, घसरतो, पुन्हा चढतो. शेजारी उस्ताद उभा असतो, पण बहुतेक वेळ गप्प.

हे गप्प राहणंही कामाचं आहे. आपल्यापैकी किती तरी जण विहिरीत पोहायला शिकले, पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. त्या भोपळ्यानं धीर येतो, पण तो पाठीवर असेपर्यंत तोल भोपळाच सांभाळतो. म्हणून जाणता माणूस योग्य वेळी तो सोडवतो आणि स्वतः काठावर लक्ष ठेवून उभा राहतो. शिकवणाऱ्याचं सततचं बोलणं हाही एक भोपळाच. प्रत्येक वेळी "हात इथे, पाय तिथे" ऐकायची सवय लागली, की सांगणारा नसेल त्या दिवशी माणूस बुडतो. आधी करू द्यावं, मग "काय जमलं नाही असं वाटतं?" हे त्यालाच विचारावं, आणि नंतर एकच सुधारणा सांगावी.

बोलायचं तेव्हा काय बोलायचं, हेही महत्त्वाचं. थोडं दूरचं उदाहरण देतो. गुलमर्गला बर्फाच्या उतारावर स्कीइंग चालतं. तिथे स्की पेट्रोल नावाचं पथक असतं. कुणाचा पाय मोडला तर त्याला घसरगाडीवर बांधून हे लोक उतारावरून खाली आणतात. अमेरिकेत अशा लोकांची राष्ट्रीय संघटना १९३८ पासून आहे. त्यांचं काम म्हणजे आपला जिनाच, फक्त बर्फाचा. जर्मन संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीसारख्या हलणाऱ्या यंत्रावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सांगितलं, आपल्या पायानं जोर देण्याकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांवर जोर देण्याकडे लक्ष द्या. फरक बोटभर अंतराचा, पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. आपल्या अवयवावर लक्ष ठेवलं की हालचाल अडखळते, परिणामावर ठेवलं की शरीर आपली वाट काढतं. कॅशियरला "अंगठा कसा फिरवता?" म्हणून विचारा, लगेच गड्डी चुकेल.

बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबायची, तेव्हा हेच लावा. माणूस हाक मारून हलवल्यावर उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर एकानं १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्यानं त्याला कडक जमिनीवर उताणं निजवून छातीच्या मधोमध दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जाईल इतकं. शिकवताना कोपर, खांदा, मनगट यांची यादी वाचू नये. "छाती जमिनीकडे ढकला आणि पूर्ण वर येऊ द्या" एवढं पुरतं. मदत नाही मिळाली तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि सराव नसेल तर हे शिकलेलं काही महिन्यांतच ओसरू लागतं. म्हणून वर्षातून एकदा पुरत नाही. सराव मात्र बाहुलीवरच करायचा, धडधाकट माणसाच्या छातीवर नाही.

शेवटचा मुद्दा, सराव बदलता हवा. केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या निशाण्यावर फेकायला दिल्या. काही मुलं तीन फुटांवरूनच फेकत होती, काही दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांची. त्या अंतरावर एकदाही सराव न केलेली दुसरी मुलं जिंकली!

मी नोकरीपायी बरीच वर्षं अकोल्यात होतो. तिथली कावड तुम्ही पाहिली असेल. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला आणतात, सुमारे १७-१८ किलोमीटर खांद्यावर. रस्ता कुठे चढाचा, कुठे खड्ड्यांचा, कुठे गर्दीचा. खांदा बदलणारा आधीच शेजारून पाऊल जुळवत चालतो आणि कावड थांबत नाही. एकाच सपाट मैदानावर शिकून हे जमलं नसतं. आपल्यालाही स्ट्रेचर कधी तिसऱ्या माळ्यावरून, कधी पहिल्या, कधी टॉर्चच्या उजेडात, कधी हलकं, कधी भारी असं उतरवून पाहावं लागेल. सुरुवातीला त्यावर माणूस नाही, तुरीचं पोतं ठेवू. हुकूम देणारा एकच, तो डोक्याकडचा. आणि उंचावरून पडलेला, मान किंवा पाठ दुखते म्हणणारा माणूस मात्र हलवायचा नाही. आग वगैरेचा धोका नसेल तर १०८ ची वाट पाहायची.

तर माझा प्रस्ताव असा. शिबिराचे चार तास म्हणजे २४० मिनिटं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वीस मिनिटं, असे बारा महिने. खर्च तोच, त्यात एक बाहुली आणि एक घडीचं स्ट्रेचर सोसायटीच्या मालकीचं. दर वेळी दोन कामं, तीही आलटून पालटून. गेटवरचे भाऊ आणि कामाच्या मावशी यांना पहिल्या रांगेत घ्यायचं, कारण अकरा वाजता तेच इथे असतात. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी फोन करणं, टॉर्च धरणं, जिना मोकळा करणं शिकायचं. तेही हाताचंच काम आहे.

सुरुवातीचे तीन-चार महिने तुम्हाला वाटेल, काही जमत नाही, मागचं शिबिरच बरं होतं. त्या पोस्टमनांनाही तसंच वाटलं होतं. तेव्हा कंटाळून सोडू नका.

पहिली वीस मिनिटं येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, पार्किंगमध्ये. चपला नको, बूट घालून या. पोहे शेवटी मिळतील, आधी नाही.