फारकतीचा कागद

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आज आनंदाचा दिवस. अशा दिवशी घटस्फोटावर काय बोलता, असे आमच्या घरातूनच विचारणे झाले. पण ज्या विहारात आपण मंगल परिणय लावतो, त्याच विहारात मोडलेले संसारही येऊन बसतात. मग बोलायला दुसरी जागा कोणती? मी गिरणी कामगार आहे, वकील नव्हे. जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो.

काही वर्षांमागे आमच्या नात्यातली एक लेक मार खाऊन माहेरी आली. दोन्हीकडची माणसं बसवली. पाच पंचांत मी एक. दोन तासांत फारकत ठरली, 100 रुपयांच्या बॉण्डवर लिहिली, सह्या-अंगठे झाले आणि सुटलो म्हणून आम्ही चहा पिलो. पुढे तिचे दुसरे लग्न लावले. त्यानेही टाकली, तेव्हा ती पोटगीसाठी कोर्टात गेली. समोरच्या वकिलाने आमचाच कागद पुढे केला. पहिला नवरा हयात, ही फारकत कायद्याची नाही, म्हणून ही बायकोच नव्हे! पोटगी नामंजूर. त्या कागदावर माझी सही आहे, बंधूंनो.

असे का झाले? आपल्याला 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे, कलम 2 मध्ये बौद्धांचे नाव स्पष्ट आहे. रूढीने होणारी फारकत हा कायदा कलम 29 मध्ये मानतो, पण ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते. आपण काय सिद्ध करणार? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला जातीच्या रूढी सोडल्या म्हणतो, अन् फारकतीच्या वेळी बरोबर जात-पंचायत आठवते. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले, हे 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. त्यांचे नाव घेऊन आम्ही बॉण्ड लिहितो!

एक मात्र बरे, कलम 16 मुळे अशा लग्नातली लेकरे औरसच राहतात.

दोघांचीही राजीखुशी असेल तर 1976 पासून कलम 13-ब आहे. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचे. लोक त्याला हेलपाटे म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. रागातला माणूस त्या दिवसांत निवतो, शेवटच्या हुकुमाआधी संमती मागेही घेता येते. आणि जुळण्याची आशाच उरली नसेल तर कोर्ट ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. कुणाला वेळ लागतो, कुणाला सुटका, हे कायद्याला कळते. आम्हा पंचांना एकच वाक्य येते: "नांद बाई."

मार खाणारीला नांद म्हणणे ही करुणा कशी? सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली. सन्मान करणे, अपमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे, दागिने करणे. आमच्या मंडळींना यातले शेवटचेसुद्धा आठवत नाही. (हसू नका, मीही त्यातलाच.) तसे दरवेळी पुरुषच वाईट असतो असेही नाही. दोन भली माणसंही एका घरात कुढत राहतात.

भगिनींनो, 2003 पासून बायको जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. 1987 च्या कायद्याने बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. पुन्हा लग्न केले नसेल तर घटस्फोटानंतरही पोटगी मागता येते.

गेल्या पावसाळ्यात एक जोडपे कोरा बॉण्ड घेऊन माझ्याकडे आले. मी सही केली नाही. दोघांना घरात बसवले, वेगवेगळे ऐकले. पोरगी रडली, पोरगाही रडला. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत कंधारच्या कोर्टात मोफत वकिलाची चौकशी करायला गेलो. तो बॉण्ड अजून कोराच माझ्या पेटीत आहे.