भावनेचे मोजमाप



ताप मोजायला थर्मामीटर आहे, वजनाला तराजू आहे. मग राग, भीती, आनंद मोजायला काय आहे? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. या मोजमापावर माणसाची अब्रू टांगली गेलेली आहे.

भीती वाटते म्हणून छाती धडधडते, असे आपण सारे मानतो. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये हा क्रमच उलटा केला. छाती आधी धडधडते. त्या धडधडीची जी जाणीव होते तिलाच भीती म्हणावयाचे, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या कार्ल लांगेने बरेचसे असेच मत मांडले. हे खरे असेल तर काम सोपे झाले! नाडी मोजा, घाम मोजा, की भावना हाती आली.

पण १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला. राग आणि भीती यांत पोटातले, हृदयातले फेरफार बहुतेक एकसारखेच असतात. ताप आला, थंडी वाजली, तरीही तसेच होतात. मग खुणेवरून भावना ओळखावी कशी? आपल्या नाट्यशास्त्रात स्वेद, रोमांच, अश्रू असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. तेथेही क्रोध, भय आणि हर्ष ही तिन्ही घामाची कारणे म्हणून दिली आहेत. खूण एक, धनी अनेक!

१९६२ मध्ये शॅक्टर आणि सिंगर यांनी काही तरुणांना अॅड्रेनलिन टोचले. काहींना परिणामाची कल्पना दिली, काहींना दिली नाही. मग शेजारी कधी थट्टेखोर, कधी चिडलेला सोबती बसविला. त्यांचा निष्कर्ष असा, की शरीराची खळबळ एकच असते. तिला नाव देते ती परिस्थिती. पुढे इतरांनी हे प्रयोग केले तेव्हा निकाल इतका सरळ आला नाही. तरीही परिस्थितीचा विचार टाळता येत नाही, हे मान्य करावे लागते.

आता पॉलिग्राफकडे वळू. हे यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि घामामुळे त्वचेत होणारा विद्युत्-बदल टिपते. लोक त्याला खोटे पकडण्याचे यंत्र म्हणतात. वास्तविक ते पकडते ती खळबळ. खोटे बोलणारा घाबरतो, तसा निरपराध माणूसही संशयाच्या नुसत्या वाऱ्याने घाबरतो. सुई दोघांचीही हलते. २००३ च्या अमेरिकन राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या यंत्राचा शास्त्रीय पाया कच्चा ठरविला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, सेल्वी खटल्यात, संमतीवाचून कोणावरही ही चाचणी लादता येणार नाही असा निर्णय दिला.

मग मोजूच नये काय? अवश्य मोजावे. नाडी पाहावी, चेहरा पाहावा, आणि त्या माणसालाही विचारावे. तो स्वतःला फसवीत असेल, लाजत असेल. म्हणून त्याच्यावर काय प्रसंग आहे हेही पाहावे. या साऱ्यांची साक्ष जुळली, तरच काही बोलावे. एकट्या सुईच्या साक्षीवर कोणाला दोषी धरू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.