धर्मस्वातंत्र्य आणि छापखाना
(जळगाव येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबे वकील या नात्याने मला एक प्रश्न वारंवार विचारतात. बावीस प्रतिज्ञांचे पत्रक छापून गावात वाटले तर तो गुन्हा होतो काय? त्याच प्रतिज्ञा दीक्षासमारंभात मोठ्याने उच्चारल्या, तेव्हा कोणी हरकत घेतलेली नसते. कागदावर उतरल्या की भावना दुखावल्याची तक्रार देण्याची धमकी येते. बोललेला शब्द सभेबरोबर विरतो आणि छापलेला शब्द घरोघर जाऊन बसतो, हे धमकी देणाऱ्यासही पक्के ठाऊक असते. या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मी शेवटी देईन. तत्पूर्वी दोन जुन्या खटल्यांची हकीकत ऐकावी, कारण दोहोंतही लेखकाबरोबर छापणाराही आरोपी होता.

पहिला खटला अमेरिकेतला, ती इंग्रजांची वसाहत होती त्या काळचा. क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ पुरोहित मानीत नसे. त्या अपराधासाठी मॅसॅच्युसेट्स वसाहतीने त्यांना हद्दपार केले, चाबकाने फोडले आणि १६६० साली मेरी डायर या स्त्रीला बोस्टन येथे फासावर चढविले. पुढे क्वेकरांना पेन्सिल्व्हेनिया ही हक्काची वसाहत मिळाली. तेथे सत्ता हाती येऊन दहा-बारा वर्षे होतात न होतात, तोच त्यांच्यातील जॉर्ज कीथ याने आपल्याच पंथातील सत्ताधाऱ्यांवर टीका करणारे पत्रक काढले. १६९२ साली ते छापणारा विल्यम ब्रॅडफर्ड पकडला गेला. त्याचा छापखाना व खिळे जप्त झाले. ज्यांच्या बांधवांना मतासाठी फाशी झाली होती, त्यांनीच ही जप्ती केली. छळ सोसलेला माणूस आपोआप सहिष्णू होतो, या समजुतीवर माझा तरी विश्वास नाही.

ब्रॅडफर्डवर एक आरोप असा होता की, पत्रकावर मुद्रकाचे नावच नाही. दुसरा आरोप राजद्रोही मजकुराचा. सरकारपक्ष म्हणे, पंचांनी एवढेच पाहावे की हे ह्याने छापले की नाही. ब्रॅडफर्ड म्हणाला, मजकूर राजद्रोही आहे की नाही, हेही पंचांनीच ठरवावे. पंचांचे एकमत झाले नाही आणि तो सुटला. पुराव्यादाखल आणलेली जुळवलेल्या खिळ्यांची चौकट एका पंचाच्या काठीचा धक्का लागून विस्कटली आणि पुरावाच नाहीसा झाला, अशी आख्यायिकाही सांगतात. वकिलाला ती खरी असावीशी वाटते! पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्याने १६९३ साली कीथच्या गटाचे, निग्रो गुलाम विकत घेऊ नयेत असे बजावणारे पत्रक छापले. गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेत छापलेले ते पहिले पत्रक मानले जाते. त्यानंतर १८० वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, हे आपण जाणताच.

दुसरा खटला पुण्याचा. सत्यशोधक चळवळीतील दिनकरराव जवळकर यांनी १९२५ साली 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका लिहिली. तीत विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक यांच्यावर अत्यंत कडक हल्ला होता. तिची भाषा मला स्वतःला रुचत नाही. परंतु भाषा रुचणे निराळे आणि त्यासाठी माणसाला तुरुंगात घालणे निराळे. अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि लेखक, प्रस्तावनाकार, प्रकाशक केशवराव जेधे व मुद्रक अशा चौघांना खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली. अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. वकिली सुरू करून त्यांना उणीपुरी तीन वर्षे झाली होती. १९२६ साली आरोपी निर्दोष सुटले. पुढल्याच वर्षी, महाडच्या सत्याग्रहानंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले.

आपला मजकूर दुसऱ्याच्या हाती देण्याचा धोका बाबासाहेबांनी अनेकदा पाहिला. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि भाषणातील धर्मग्रंथांवरचा भाग गाळण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्याचे नाकारले. अधिवेशन रद्द झाले. त्यांनी मात्र भाषणाच्या १,५०० प्रती स्वखर्चाने काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. लाहोरच्या मंडपात ते भाषण किती लोकांनी ऐकले असते?

आता कायद्याकडे येऊ. धर्मभावना दुखावण्याचे २९५-अ हे कलम १९२७ साली दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. त्यात 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' हे शब्द आहेत. रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले, पण त्याचबरोबर स्पष्ट केले की धर्माचा प्रत्येक अवमान त्यात येत नाही. अशा हेतूने केलेला गंभीर अवमानच येतो. मी अमुक देवाची पूजा करणार नाही, ही माझी स्वतःविषयीची प्रतिज्ञा आहे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. म्हणून माझे मत स्वच्छ आहे: प्रतिज्ञांचे पत्रक छापणे व वाटणे हा गुन्हा नव्हे. मात्र त्याच कागदाच्या पाठीवर शेजाऱ्याच्या देवाला कोणी शिवी छापली, तर हे संरक्षण आपण आपल्या हाताने गमावतो.

१८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण देणे बंधनकारक होते. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा नियतकालिकांपुरताच आहे. तरीही नाव गाळू नये. निनावी कागद पोलिसांच्या हाती प्रथम संशय देतो.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याच्या न्यायालयात कामासाठी आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या स्मृतीसाठी दर वर्षी त्या दिवशी खानदेशातून हजारो लोक तेथे जमतात. येत्या ३१ जुलैला तेथे जी पत्रके वाटाल, त्यांवर काढणाऱ्याचे नाव, गाव, छापखाना आणि तारीख असू द्या, आणि छपाईची पावती जपून ठेवा. कोणी तक्रार केलीच, तर ते पत्रक व पावती घेऊन मजकडे या.