रोज नवा हजेरीपट कशाला?



संयोजकांनी सांगितलं, ‘तू कॉम्प्युटरवर नेमकं काय करतोस, ते एकदा सगळ्यांना कळेल असं सांग.’ प्रयत्न करतो.

आपल्यातले बरेच जण तळोजा एमआयडीसीत कामाला आहेत. ट्रक गेटवर येतो, वजनकाट्यावर चढतो, गेटपास निघतो. ही नोंद डेटाबेसमध्ये, म्हणजे रकाने आखलेल्या तक्त्यांत होते. प्रोग्राम लिहिणारा मात्र ‘ट्रक’, ‘माल’, ‘चलन’ अशा वस्तूंच्या भाषेत विचार करतो. दोघांमध्ये दुभाषी लागतो. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये जावासाठी सुरू केलेलं ‘हायबरनेट’ हा असाच दुभाषी. डॉट नेटसाठी त्याचं भावंड ‘एनहायबरनेट’. कोणती वस्तू कोणत्या तक्त्यात जाते, ही जुळणी त्याला फायलींत लिहून द्यावी लागते.

अडचण येते ती प्रोग्राम चालू होताना. दुभाषी प्रत्येक फाइल वाचतो, ती नियमात बसते का ते तपासतो, तक्त्यांचे संबंध जोडतो, एसक्यूएलची वाक्यं तयार करतो. यातून जे उभं राहतं त्याला ‘सेशन फॅक्टरी’ म्हणतात. तळोजेकरांना शोभेलसं नाव! तक्ते दहा असतील तर काही जाणवत नाही. शेकडो झाले की थांबावं लागतं. लाइट जाऊन आली, सर्व्हर पुन्हा चालू होतोय, तोवर गेटवरचा माणूस बसून राहतो आणि बाहेर ट्रकची रांग वाढते. त्यात एखाद्या ड्रायव्हरची दिवसाची खेप बुडते.

आपल्या बाई हजेरीपट जूनमध्ये एकदाच लिहीत. रोज सकाळी सगळे दाखले काढून नवा लिहायला बसल्या असत्या, तर पहिला तास त्यातच संपला असता. प्रोग्राम मात्र नेमकं तेच करत असतो.

म्हणून वाचून-तपासून तयार झालेली जुळणी डिस्कवर साठवायची आणि पुढच्या वेळी तीच उचलायची. एनहायबरनेटमध्ये हे करता येतं. फॅक्टरीची शेवटची जोडणी करावीच लागते, पण वाचण्या-तपासण्याचा वेळ वाचतो. मायक्रोसॉफ्टनेही २०२१ मध्ये ‘ईएफ कोअर ६’ या आपल्या दुभाष्यात अशी तयारी आधीच करून ठेवायची सोय दिली.

मात्र वर्षाच्या मध्ये नवा विद्यार्थी आला आणि पट जुनाच राहिला, तर त्याची हजेरी लागणार नाही. म्हणून मूळ फायलींपैकी एक जरी साठवलेल्या प्रतीपेक्षा नवी असेल, तर ती प्रत टाकून पुन्हा बनवायची. शिवाय ती प्रत बाहेरच्या कुणाच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. प्रोग्राम तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

ज्यांचे स्वतःचे वर्कशॉप किंवा गोडाऊन आहे, त्यांनी सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागतो म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर घेऊ नये. आधी सॉफ्टवेअरवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात: सुरू होताना वेळ नेमका कुठे जातो, ते मोजलंय का? फॅक्टरी एकदाच बनते, की दर कामाला नव्याने? आणि तक्त्यांची पूर्ण तपासणी नवी आवृत्ती बसवताना होते, की रोज?

उत्तरं समजली नाहीत, तर जेवणाच्या पंगतीत मला गाठा.