प्रासादाचा दुसरा जिना



उन्हाळ्याच्या सुटीत आपण मुलाबाळांसह या देशातील जुने ग्रामीण प्रासाद पाहावयास जातो. सोनेरी नक्षीची छते, झुंबरे व गालिचे पाहून मुले थक्क होतात. परंतु वास्तू पाहणे निराळे आणि वास्तू वाचणे निराळे. आज आपण वाचण्याविषयी विचार करू.

डर्बीशायरमधील केडलस्टन हॉलच्या मुख्य दालनात अलाबास्टर दगडाचे वीस उत्तुंग स्तंभ आहेत. रॉबर्ट ॲडम या विख्यात वास्तुविशारदाची ती कल्पना. कलकत्त्याचे गव्हर्न्मेंट हाऊस याच प्रासादाच्या धर्तीवर १८०३ साली उभे राहिले, आणि १८९९ मध्ये केडलस्टनमध्येच जन्मलेले लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून तेथे राहावयास गेले. यॉर्कशायरमधील हेअरवूड हाऊसचा पाया १७५९ साली घातला गेला. तेथील सजावटही ॲडमची आणि फर्निचर चिपेंडेलचे. पण त्यामागील संपत्ती मात्र वेस्ट इंडीजमधील साखरेची आणि गुलामांच्या घामाची! नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचे वसाहतवाद व गुलामगिरीशी असलेले संबंध प्रसिद्ध केले.

अशा प्रासादांत बहुधा दोन जिने असत. एक पाहुण्यांना दिपविणारा, दुसरा नोकरांसाठी अरुंद व अंधारा. दोहोंमधील दारास हिरवे लोकरी कापड ठोकलेले असे, कारण कामाचा आवाज मालकाच्या कानी पडता कामा नये. दालनातील दोरी ओढली की तारेच्या योगे खालची घंटा वाजे. श्रम हवेत, श्रमिक दिसावयास नको, हेच त्या रचनेचे सूत्र होते.

याला एक उल्लेखनीय अपवाद वेल्समधील रेक्सहॅमजवळच्या एर्डिग येथे आढळतो. तेथील यॉर्क घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या नोकरांची तैलचित्रे काढवून घेतली व त्यांवर पद्ये लिहिली. मालकी कायम राहिली, वेतनही मालकाच्याच मर्जीचे. तरीही श्रमिकांचे चेहरे भिंतीवर टिकले.

आमच्या गावच्या पाटलाच्या वाड्यास असा दुसरा जिनाही नव्हता. वेशीचे रक्षण करणाऱ्या आमच्या पूर्वजांना उंबरठ्याबाहेरच थांबावे लागे. इंग्रज नोकर हलका मानला जाई, परंतु त्याचा स्पर्श विटाळ मानला जात नसे. हा भेद विसरून दोन्ही अन्याय एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. तसेच आपले दुःख मोठे म्हणून इतरांचे श्रम नजरेआड करणेही योग्य नव्हे.

म्हणून बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना या प्रासादांत अवश्य न्या. कारागिराच्या हाताला मनापासून दाद द्या. मात्र मुदपाकखाना, धुणीघर आणि मागचा जिना दाखविल्यावाचून परतू नका. हे कोणी बांधले, कोणाच्या पैशाने बांधले आणि झाडले कोणी, हे तीन प्रश्न मुले स्वतःहून विचारू लागली, तर ती सहल सार्थकी लागली असे आम्ही समजू.