पत्रा कुणाच्या हातात?

(युवक शिबिरातील भाषण)



मला स्टेन्सिलवर बोलायला सांगितलंय. मी मॅट्रिक. गोदीत हमाली करतो, कविता लिहितो. व्याख्या देत नाही, पाहिलं ते सांगतो.

स्टेन्सिल म्हणजे अक्षरं कापलेला पत्रा. पेटीवर धरायचा, ब्रश मारायचा, उचलायचा. पत्रा शाबूत तिथं काहीच उमटत नाही. कापलंय तिथूनच रंग खाली जातो.

आता बहुतेक माल कंटेनरमधून जातो. तरी सुट्या पेट्यांवर त्या खुणा आहेतच. काचेचा पेला : फुटेल, जपा. छत्री : भिजवू नका. दोन बाण : ही बाजू वर. हुकावर फुली : हूक लावू नका. भाषा कुठलीही असो, हमालाला कळलं पाहिजे म्हणून सगळ्या बंदरांत तीच चित्रं.

एकदा पेटी सटकली, माझ्या खांद्यावर आली. मुकादम धावत आला आणि आधी पेटी तपासली. बरोबरच आहे. पेटीवर पेला होता. माझ्या पाठीवर काय होतं?

होतं. जन्मल्याबरोबर मारलेलं होतं. आडनाव, वस्ती, दाखल्यावरचा जातीचा रकाना. एकच पत्रा, लाखो पाठी. चेहरा बघायची गरजच नाही. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या स्टेन्सिलच मारत आली. म्हणून विचारतो, पत्रा कुणाच्या हातात?

दुसरं स्टेन्सिल मेणकागदाचं, सायक्लोस्टाइलचं. टाइपरायटरची रिबन बाजूला सारायची, नुसते खिळे मारायचे. मेण तुटतं, तिथून शाई झिरपते. अमेरिकेत माँटगोमेरी गावात १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्सनी बसमधली जागा गोऱ्याला दिली नाही. अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या काळ्या प्राध्यापिकेनं कॉलेजच्या मशीनवर हजारो पत्रकं काढली. एका कागदावर तीन, कागद वाचावा म्हणून. सोमवारी बसगाड्या काळ्या उतारूंविना धावल्या. बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि बसमधला वर्णभेद कोर्टाला मोडावा लागला. १९७२ साली इथल्या पोरांनी पँथर हे नाव त्याच देशातल्या काळ्यांच्या लढ्यातून उचललं, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता वापराचं. माझ्या खांद्याची एक्स-रे फिल्म घरात पडून होती. तीच ब्लेडनं कापली. मजकूर : 'जपा. माणूस आहे.' पहिल्यांदा फसलो. 'प' आणि 'म' यांची पोटं कापून खाली पडली, भिंतीवर नुसते काळे डाग. वस्तीतला एक म्हातारा पेंटर म्हणाला, "पोराऽ, पोटाला धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या सोड. नाहीतर अक्षर मरतं." हे मी चळवळीसाठीही लक्षात ठेवलंय. कापताना आपल्याच माणसांशी जोडणारी पट्टी कापायची नाही. रंग कमी घ्या, ब्रश उभा ठोका, ओढू नका. ओढला की रंग फिल्मखाली शिरतो.

गोदीच्या रस्त्यावरच्या भिंतीला ते मारलं. सकाळी कुणीतरी चुना फासला होता. फासू दे. फिल्म माझ्याकडं होती. रात्री परत मारलं. चुना संपतो, पत्रा संपत नाही.

फिल्म सोबत आणलीय. ब्रश कोण धरतो?

जय भीम.